कांडी, बिबडी आणि सादळलेली काच

मागच्या मे महिन्यात, भर दुपारी दोनला, आप्पा आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत आले ते खांद्याला नायट्रोजनचा कंटेनर लावूनच. आप्पा म्हणजे तापीकाठच्या दहा-बारा गावांत गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करणारे. गावात त्यांना सगळे डॉक्टर म्हणतात. ते स्वतः कधी म्हणत नाहीत. कंटेनर फरशीवर ठेवून त्यांनी पंख्याखालची खुर्ची ओढली आणि म्हणाले, "सर, पाच गाई उलटल्या, पुन्हा माजावर आल्या. एकापाठोपाठ एक. जरा मशिनीखाली बघा बरं, कांड्यांत काही जीव आहे का."

पुढे पाच महिने आमची प्रयोगशाळा ज्या प्रश्नात अडकली तो इथून सुरू झाला, म्हणून आधी हे प्रकरण नीट सांगतो.

कंटेनरचं काय झालं

आप्पांचा कंटेनर तीन लिटरचा. दुहेरी भिंतीचा, मधल्या पोकळीत निर्वात. आत उणे १९६ अंश सेल्सिअसचा द्रव नायट्रोजन आणि त्यात बुडालेल्या पाव मिलिलिटरच्या रेतकांड्या, प्रत्येकीत साधारण २ कोटी शुक्राणू. कंटेनर धड असेल तर एकदा भरल्यावर दोन-तीन आठवडे चालतो. पण एप्रिल-मे हा लग्नसराईचा काळ. घरचंच लग्न होतं आणि चार-पाच दिवस आप्पांनी पट्टी बुडवून पातळी पाहिली नाही. नंतर झाकण उघडलं तर नेहमीचा पांढरा धूर आलाच नाही. कंटेनरच्या गळ्याशी बाहेरून दव जमलं होतं. निर्वात गेल्याची खूण हीच: बाहेरची भिंत थंड लागते, घामेजते. एरवी एक लिटर द्रव उडून जवळजवळ सातशे लिटर वायू होतो, पण तो सावकाश उडतो. इथे तो भराभर उडाला होता.

यानंतर आप्पांनी जे केलं ते त्यांच्या जागी बहुतेकांनी केलं असतं. नायट्रोजनची गाडी दुसऱ्या दिवशी येणार होती. त्यांनी कंटेनर पुन्हा काठोकाठ भरून घेतला. कांड्या परत गोठल्या, हाताला तशाच कडक लागल्या, रंगही तोच. त्या आठवड्यात पाच गाई भरवल्या. एकवीस दिवसांनी पाचही पुन्हा माजावर.

आम्ही कांडी ३७ अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरली, कापली, थेंब काचपट्टीवर घेतला. चांगल्या कांडीच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली नुसती झुंबड दिसते, वारूळ फुटल्यासारखी. इथे शेपट्या होत्या, डोकी होती, हालचाल काही नव्हती. दुसरी कांडी तशीच. तिसरी कापताना आप्पा म्हणाले, "राहू द्या सर, कळलं."

थंडी परत आली, जीव नाही आला. गोठवताना ग्लिसरॉल घातलेलं असतं, त्यामुळे पेशीत बर्फाचे मोठे स्फटिक होत नाहीत. पण कांडी हळूहळू तापली की बारीक स्फटिक विरघळून एकमेकांत मिसळतात आणि मोठे होतात. पेशी फुटते ती तिथे. वरून नायट्रोजन ओतल्याने फुटलेलं शिवलं जात नाही. या ग्लिसरॉलचा शोधही १९४९ सालच्या एका घोटाळ्यातून लागला. इंग्लंडमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स हे कोंबड्याचे शुक्राणू साखरेत गोठवायचा प्रयत्न करत होते, जमत नव्हतं. एके दिवशी जमलं, तेव्हा कळलं की बाटलीत साखर नव्हतीच. लेबलांची अदलाबदल होऊन ग्लिसरॉल आणि अल्ब्युमिन हाती लागलं होतं. सत्तर-पंचाहत्तर वर्षं झाली, जगभरचं पशुपैदास त्या चुकीच्या बाटलीवर चाललं आहे.

आप्पा निघताना दारात थांबले. "सर, एक विचारू? माझी बायको आत्ता गच्चीवर ज्वारीच्या बिबड्या घालतेय, पापडासारख्या. वर्षभर डब्यात राहतात, ना फ्रीज ना नायट्रोजन. हे बी तसं वाळवून ठेवता येत नाही का हो?"

मी हसून "नाही" म्हणालो. ते "नाही" जरा जास्तच पटकन निघालं, असं रात्री वाटलं.

वाळवण म्हणजे नेमकं काय

प्रश्न खुळा नव्हता, कारण वाळून जिवंत राहणारे जीव आहेतच. बेकरीतलं कोरडं यीस्ट. मिठागरातल्या आर्टेमिया या बारीक, कोळंबीसारख्या जीवाची अंडी. जत्रेत 'संजीवनी' म्हणून विकतात ती आकसलेली मूठ, जी पाण्यात टाकली की हिरवी होऊन उघडते. आफ्रिकेत पॉलीपेडिलम नावाचा एक डासासारखा किडा आहे. त्याची अळी खडकावरच्या डबक्यात वाढते, डबकं आटलं की अळीही आटते, आणि पाऊस आला की तासाभरात वळवळू लागते. यांतल्या बहुतेकांकडे ट्रेहॅलोज नावाची साखर असते. त्या अळीच्या कोरड्या वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा ही साखरच असते.

साखर करते काय? पेशीचं आवरण चरबीच्या रेणूंचं असतं आणि त्या रेणूंमध्ये पाणी बसलेलं असतं. पाणी काढलं की रेणू एकमेकांना चिकटून थिजतात, आणि पुन्हा पाणी लागलं की थिजलेलं आवरण सैल होता होता गळतं. ट्रेहॅलोज पाण्याच्या जागेवर जाऊन बसतं, रेणूंना अंतरावर धरतं. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठात जॉन आणि लॉइस क्रो या दांपत्याने हा विचार मांडला आणि त्यावर बरीच वर्षं काम केलं. कोरडं यीस्ट कोमट पाण्यात भिजवा असं पाकिटावर लिहिलेलं असतं, त्यामागेही हेच आहे. गार पाण्यात आवरण थिजलेलंच असतं आणि आतला माल बाहेर येतो.

दुसरं काम काचेचं. ट्रेहॅलोजचं द्रावण नीट वाळलं तर त्याचे खडे होत नाहीत, त्याची काच होते, चिक्कीच्या पाकासारखी. त्या काचेत रेणू जागच्या जागी अडकतात, म्हणून बिघाडही थांबतो. पूर्ण कोरड्या ट्रेहॅलोजची काच सुमारे ११५ अंशांना मऊ पडते. म्हणजे आमच्याकडच्या ४५ अंशांच्या दुपारीसुद्धा ती शाबूत राहायला हवी.

सस्तन प्राण्यांची अडचण एवढीच की त्यांच्या पेशी ट्रेहॅलोज बनवत नाहीत आणि बाहेरून दिलेलं सहजी आत घेतही नाहीत. आणि साखर आवरणाच्या दोन्ही बाजूंना लागते. २००० साली यावर दोन वाटा जवळजवळ एकदमच समोर आल्या. अमेरिकेतल्या एका गटाने ट्रेहॅलोज बनवणारी जीवाणूची जनुकं माणसाच्या त्वचेच्या पेशींत घातली आणि त्या पेशी काही दिवस कोरड्या ठेवून दाखवल्या. बॉस्टनमध्ये एरोग्लू, टोनर आणि सहकाऱ्यांनी जीवाणूच्या एका विषारी प्रथिनात फेरफार करून पेशीच्या आवरणाला उघडझाप होणारी भोकं पाडली आणि साखर आत सोडली. त्यांनी पेशी वाळवल्या नाहीत, गोठवल्या. आमच्या कॉलेजात या दोन्हींपैकी काहीच शक्य नव्हतं. आमच्याकडे होतं ते नळ्या गरागरा फिरवणारं एक सेंट्रिफ्यूज, एक चार दशांशांचा तराजू, नमुने कोरडे ठेवायचं घट्ट झाकणाचं भांडं म्हणजे एक डेसिकेटर आणि एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेली एक हट्टी मुलगी.

बकरीचं रक्त

शुक्राणूंवर प्रयोग करायचा नाही, हे आधीच ठरवलं. लाल रक्तपेशी घेतल्या. खाटकाकडे सायट्रेटची बाटली देऊन ठेवली की बकरीचं रक्त न गोठता मिळतं. आणि निकाल पाहायला महागडं उपकरण लागत नाही. पेशी वाळवायच्या, पुन्हा ओल्या करायच्या, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायच्या. पेशी शाबूत असतील तर तळाशी लाल गोळी बसते आणि वरचं पाणी स्वच्छ राहतं. फुटल्या असतील तर सगळं पाणी लालभडक आणि तळाला काही नाही. डोळ्यांनी दिसतं, वाद घालता येत नाही. (या पेशींना केंद्रक नसतं, मग त्यांना जिवंत म्हणायचं का, हा प्रश्न विद्यार्थिनीने पहिल्याच दिवशी विचारला. मी म्हटलं, आधी फुटत नाहीत एवढं तर दाखव.)

जनावर मात्र चुकीचं निवडलं, हे नंतर कळलं. पाळीव प्राण्यांत बकरीच्या लाल पेशी सगळ्यांत लहान, जेमतेम ४ मायक्रॉनच्या, आणि फुटायला सगळ्यांत हळव्या. माणसाची पेशी याच्या जवळजवळ दुप्पट रुंद असते. पण बकरीचं रक्त हाताशी होतं.

साखरेशिवाय वाळवलं: लालभडक. साखर फक्त बाहेर: लालभडक. मग छापून आलेल्या पद्धतीप्रमाणे पेशी ट्रेहॅलोजच्या तीव्र द्रावणात ३७ अंशांवर काही तास ठेवल्या. त्या तापमानाला आवरण थोडं सैल असतं आणि थोडीफार साखर आत शिरते. वाळवल्या, सलाइन घातलं. लालभडक. असा एक आठवडा गेला आणि मुलगी रडकुंडीला आली.

चूक माझी होती. मीच तिला साधं सलाइन वापरायला सांगितलं होतं. पेशीच्या आत आता साखर भरलेली. बाहेर साधं सलाइन आलं की पाणी धावत आत जाणार आणि पेशी फुग्यासारखी फुटणार. वाळवणाने वाचलेल्या पेशी आम्ही भिजवताना मारत होतो. आठव्या दिवशी तिने सलाइनऐवजी तीव्र साखरेचं कोमट द्रावण घातलं, मशीन फिरवलं, नळी उजेडात धरली आणि काही न बोलता माझ्यापुढे केली. वरचं पाणी गुलाबी होतं, लाल नव्हतं. तळाशी मुगाच्या अर्ध्या डाळीएवढी गोळी होती.

त्या दिवशी मला वाटलं की आप्पांना दिलेलं उत्तर मागे घ्यावं लागणार.

मग थेंबांचा गोंधळ निघाला. काचपट्टीवर थेंब ठेवून वाळवला की काही नळ्यांत गोळी मिळायची, काहींत नाही, त्यात मेळ लागेना. मुलीने सुईने थेंब टोचून पाहिले. कडेला टणक, वर पापुद्रा, आणि मध्यभागी सुईला तार सुटत होती. हे मी घरी सांगितलं तर आई म्हणाली, "जाड घातली की पोटात ओल राहतेच." बिबडी घालताना ज्वारीचा शिजवलेला घाटा ओल्या कापडावर हाताने पातळ आणि सारखा पसरतात, कडा वाळून मधे जाड राहिली तर ती डब्यात जाऊन बुरसते. वाळलेली बिबडी आई मोडून बघते, ती कटकन तुटली पाहिजे, वाकली तर पुन्हा उन्हात. जगातल्या प्रयोगशाळाही याच अडचणीशी झगडत आल्या आहेत. काही ठिकाणी पेशी चिकटवलेली काच गरागरा फिरवून द्रावणाचा पातळ, सारखा थर उरवतात, जेणेकरून सगळ्या पेशी एकाच वेळी वाळाव्यात. काही ठिकाणी मायक्रोवेव्ह वापरतात, कारण त्याने वरच्या पापुद्र्याखालचं पाणीही तापतं. अमेरिकेत स्मिथसोनियनच्या संस्थेत मांजरीच्या बीजपेशींवर असं काम झालं आहे. आम्ही काचेच्या कांडीने थर ओढला. तेवढ्यानेच निकाल बराच एकसारखा झाला.

पहिला पाऊस

इथपर्यंत माझी समजूत अशी होती की खानदेश हा या कामाचा शत्रू आहे: ४५ अंश, दुपारी लाइट गेलेली, खिडक्यांतून भट्टीची झळ. पण मे महिन्यात खोलीतल्या आर्द्रतामापकाचा काटा दुपारी २० च्या खाली असायचा. डेसिकेटरमधलं ओल शोषणारं सिलिका जेल आठवडाभर निळंच, म्हणजे कोरडं. वाळवलेले थर काचेसारखे चमकत होते आणि नखाने तडकत होते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस आला. रात्री डेसिकेटरच्या झाकणाला ग्रीस नीट लागलं नव्हतं. सकाळी सिलिका गुलाबी आणि काचपट्ट्या बोटाला चिकटत होत्या. मराठीत याला नेमका शब्द आहे, सादळणं. पापड सादळतो, बिस्किट सादळतं, आणि ट्रेहॅलोजची काचही सादळते. पाणी काचेला फार लवकर मऊ करतं. कोरडी असताना ११५ अंशांपर्यंत टिकणारी काच ५ टक्के पाणी शिरलं की ६० अंशांच्या आसपास येते, आणि १० टक्क्यांना थेट २०-२५ वर. म्हणजे १० टक्के ओल असलेला नमुना जळगावच्या मे महिन्यातच काय, दिवाळीतल्या दुपारीही काच राहत नाही, पाक होतो. पाकात रेणू पुन्हा हलू लागतात, आणि ट्रेहॅलोज पाणी धरून खडे करू लागतं.

उष्णता नव्हे, दमटपणा हा खरा शत्रू, असं वाक्य मी त्या दिवशी वहीत लिहिलं होतं. ते निम्मंच बरोबर निघालं.

कारण मुलीने दरम्यान प्रत्येक थराचं वजन घ्यायला सुरुवात केली होती: वाळवल्यावर एकदा, आणि ओव्हनमध्ये पूर्ण कोरडा केल्यावर एकदा. त्या दोन आकड्यांतून किती पाणी उरलं होतं ते निघतं. तिने तो कागद समोर ठेवला आणि मला बिबडीची उपमा सोडावी लागली. चांगली गोळी मिळत होती ती ज्या थरांत बरंच पाणी उरलं होतं त्यांत. कटकन तुटणाऱ्या थरांत पेशी जवळपास सगळ्या आधीच फुटलेल्या. आणि बरंच पाणी उरलेले थर तीन दिवस नुसते टेबलावर ठेवले की चॉकलेटी पडत, कारण हिमोग्लोबिन बिघडतं. त्यानंतर भिजवलं तर गोळी नाही. कोरड्या थरांत मात्र पंधरा दिवसांनीही फरक पडत नव्हता. जे थोडंफार शाबूत होतं ते तसंच होतं.

पेशीला जगायला ओल हवी आणि काचेला टिकायला कोरडेपणा हवा. या दोन्हींच्या मधे जो पट्टा आहे त्यात सस्तन प्राण्याची पेशी मरते. बिबडीला हा प्रश्न नसतो, तिला फक्त तळून खायचं असतं. हे आम्ही शोधून काढलेलं नाही. या क्षेत्रात काम करणारे सगळेच या भिंतीशी येऊन थांबतात. पॉलीपेडिलमच्या पेशी तो पट्टा ओलांडतात. त्यांच्याकडे साखरेबरोबर आवरणात साखरेची वाहतूक करणारं प्रथिन आहे, वाळताना इतर प्रथिनांची गुठळी होऊ न देणारी खास प्रथिनं आहेत, आणि ती सगळी यंत्रणा वाळायच्या आधीच सज्ज होते. आपण त्यातली फक्त साखर उसनी घेतली आहे.

आप्पांना काय सांगायचं

ऑगस्टमध्ये आप्पा पुन्हा आले. नवा कंटेनर घेतला होता, आणि झाकणाला सुतळीने एक छोटी वही बांधली होती: तारीख आणि पट्टीवरची बर्फाची रेघ किती सेंटिमीटर. मी त्यांना पोस्टकार्डाची गोष्ट सांगितली, कारण ती सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं.

१९९८ साली हवाई विद्यापीठात वाकायामा आणि यानागिमाची यांनी उंदराचे शुक्राणू गोठवून, निर्वातात वाळवून भुकटीसारखे केले आणि त्यांपासून धडधाकट पिल्लं जन्माला घातली. पुढे जपानमध्ये वाकायामांच्याच गटाने असे शुक्राणू आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर ५ वर्षं १० महिने ठेवून परत आणले. त्यांपासूनही पिल्लं झाली. २०२१ मध्ये तर त्यांनी वाळलेले शुक्राणू पोस्टकार्डाला चिकटवून साध्या टपालाने पाठवले आणि पोहोचल्यावर त्यांपासून उंदीर जन्माला आले.

आप्पा खुर्चीत पुढे सरकले. "मग?"

मग हे, की ते शुक्राणू पोहत नव्हते. नेहमीच्या अर्थाने ते मेलेलेच होते. आवरण फाटलेलं, शेपटी निकामी. शाबूत होता तो फक्त डोक्यातला डीएनए, आणि शुक्राणूत तो इतका घट्ट बांधलेला असतो की वाळवण सोसतो. असा शुक्राणू सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या बारीक सुईने उचलून थेट स्त्रीबीजात टोचावा लागतो. १९५० नंतरच्या काळात वळूचे वाळवलेले शुक्राणू भिजवल्यावर पुन्हा पोहले असे दावे झाले होते, पण ते इतरांना पुन्हा करून दाखवता आले नाहीत. गोठ्यात गाईला भरवायचं तर शुक्राणू पोहलाच पाहिजे. २०२२ मध्ये याच जपानी गटाने शरीरातल्या साध्या पेशी वाळवून त्यांच्या केंद्रकापासून उंदरांचे क्लोन केले. तिथेही पेशी मेलेली, फक्त केंद्रक कामाचं. रक्तातल्या प्लेटलेट मात्र ट्रेहॅलोज भरून वाळवता येतात आणि भिजवल्यावर त्या बऱ्याच प्रमाणात काम करतात, हे क्रो यांच्या गटाने २००१ मध्ये दाखवलं. पण त्यांना केंद्रकच नसतं, आणि त्यांना विभागून वाढायचं नसतं. विभागून वाढणारी सस्तन पेशी खोलीच्या तापमानाला महिनोन् महिने कोरडी ठेवून, पाणी घालून पुन्हा वाढीला लावणं, हे भरवशाने अजून जमलेलं नाही.

"म्हणजे नायट्रोजनच," आप्पा म्हणाले.

"भरवायला नायट्रोजनच. पण जात जपून ठेवायला हे वाळवण उपयोगाचं आहे." तापी खोऱ्यातली थिल्लारी खिल्लार, सातपुड्याच्या पायथ्याची निमाडी, यांच्या वळूंचं वाण चार-पाच दशकांनी कुणाला लागलं तर तेव्हा प्रयोगशाळेत सुई चालवणारे हात असतीलच. तोवर वर्षानुवर्षं नायट्रोजन ओतत बसण्यापेक्षा साध्या फ्रीजमधली वाळलेली कुपी स्वस्त पडेल. वळूच्या वाळवलेल्या शुक्राणूंपासून प्रयोगशाळेत सुरुवातीचे भ्रूण तयार झालेले आहेत, एवढं मी त्यांना सांगितलं. आप्पांना यात फारसा रस नव्हता. त्यांचा हिशोब एकवीस दिवसांचा असतो, आणि तो बरोबर आहे.

जुना कंटेनर ते आमच्याकडेच टाकून गेले. मुलीने तो सिलिका जेल ठेवायला मागितला होता; तोंड इतकं अरुंद निघालं की काचपट्ट्यांची पेटी आत जाईना. म्हणून शेवटचे सहा थर, तीन ओलसर आणि तीन पूर्ण कोरडे, आता माझ्या आईच्या बिबड्यांच्या पत्र्याच्या डब्यात आहेत, झाकणाभोवती मेणकागद आणि वर चिकटपट्टी लावून. एकत्र ठेवल्याने सगळे थर शेवटी सारखेच कोरडे होतील, हे मुलीच्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. तिने दुसरा डबा मागितला आहे. आई म्हणते, बिबड्या संपल्यावर.